मोठ्या शुक्रवारची पाण्याची पाळी

आमच्या गावात उपास कोण कडक पाळतं असं विचारलंत तर लोक माझं नाव घेतील. तफीदाचं. घ्यायलाच हवं. ईस्टरच्या आधीचे जवळजवळ दोन महिने दूध, तूप, अंडं, मांस माझ्या चुलीकडे फिरकत नाही. म्हशीची धार काढताना बोटाला लागलेला फेससुद्धा मी झग्याला पुसते, चाटत नाही. कुणी दुसरं नाव घेतलंच तर ते माझ्या जावेचं, इंसाफचं. पण ते घेणारे तिच्या माहेरचे असतात.

या इंसाफशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. माझा नवरा गेल्याला वर्ष झालं, त्याची प्रार्थना त्या साली उपासात आली. मी सगळ्यांना मसुराची आमटी वाढली. हिने वाटी नाकाशी नेली आणि अख्ख्या बायकांच्या घोळक्यात म्हणाली, "तफीदा, याला तुपाचा वास येतोय का गं?" उपासात! माझ्या हातच्या आमटीला! आणि त्या दिवशी! मला चोर म्हणाली असती तरी मी महिन्याभरात विसरले असते.

सासऱ्यांची जमीन दोघा भावांत वाटली गेली. आता ते दोघेही वर आहेत आणि खाली आम्ही दोघी. वाफे वेगळे, पण पाट एक आणि पाण्याची पाळीही एकच. वरच्या अंगाला तिच्या काकड्या, खालच्या अंगाला माझे टोमॅटो. आधी तिचं भिजतं, मग माझं. ती गेली की मी येते. बोलायची गरजच पडत नाही.

यंदा पवित्र सप्ताहातच खमसीन सुटला. भट्टीचं दार उघडं राहावं तसा तो वारा येतो, आणि येताना वाळू घेऊन येतो. दाताखाली करकरते. माझी रोपं नुकती लावलेली. सकाळी उभी असायची, दुपारी माना टाकायची. त्या टोमॅटोवर माझं सगळं वर्ष चालतं. मुलगा पैसे पाठवतो, नाही असं नाही, पण ते मी त्याच्याच पोरांवर घालते. माझी भाकरी माझ्या शेतातून आली पाहिजे. पोराच्या हाताकडे बघत म्हातारं व्हायचं मी ठरवलेलं नाही.

बुधवारी अब्दुल मौजूद दारात आला. कालव्याचं पाणी सोडणं, बंद करणं त्याच्याकडे. आत ये म्हटलं तर आला नाही, तेव्हाच मी ओळखलं, बातमी वाईट आहे.

"मावशी, तुमच्या पाण्याची पाळी सरकली. शुक्रवारी दुपारी आली."

"कुठल्या शुक्रवारी?"

"याच."

"अरे, तुझ्या डोक्यात खमसीन शिरला का? परवा मोठा शुक्रवार. प्रभूला क्रुसावर दिलं त्या दिवशी मी खोरं घेऊन वाफे भरत बसू?"

"मला कळत नाही का मावशी? पण वर दुरुस्ती निघाली, सगळ्यांच्याच पाळ्या हलल्या. जुम्म्याच्या नमाजाला जायच्या आधी पाणी सोडतो, तिसऱ्या प्रहरच्या बांगेला बंद. कुणाशी बदलून देऊ म्हटलं तर सगळ्यांचंच जळतंय."

"आणि पुढची?"

"ती थेट पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यापर्यंत त्या रोपांची चहापत्ती झाली असती.

"जावेशी बोलून बघा ना," तो चाचरत म्हणाला. "दोघींचं मिळूनच आहे पाणी."

"मला जाऊ आहे? माझ्या नाही लक्षात."

तो हसत गेला. मला हसू आलं नाही. मजुरीला लावायचं तर कुणाला? गव्हाच्या कापणीत गावचा प्रत्येक हात अडकलेला. शुक्रवारी दुपारी मुसलमान मशिदीत, आम्ही चर्चमध्ये, शिवारात फक्त गाढवं. आणि विनवणी करायची तर तफीदाने आजवर मीठसुद्धा उसनं मागितलेलं नाही.

संध्याकाळी वदीअचा फोन आला. माझा मुलगा. हुरघाडाला समुद्राकाठच्या हॉटेलात स्वयंपाकी आहे.

"आई, एक शुक्रवार चुकला म्हणून देव काय दार लावून घेणार आहे?"

"देव नाही लावणार. मीच लावून घेतलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू सुट्टी काढून ये आणि पाणी धर."

"शनिवारी येतो आई. शुक्रवारी इथे पाहुण्यांची गर्दी असते..."

"हां, त्यांना कोळंबी खाऊ घाल. टोमॅटो थांबतील."

बोलले खरी, आणि मग जीभ चावली. उपासात तो दिवसभर दुसऱ्यांसाठी मांसमच्छी शिजवतो, आणि स्वतः चाखत नाही. मीठ बरोबर पडलंय का ते शेजारच्या चुलीवरच्या माणसाला चाखायला लावतो. सगळे चेष्टा करतात. आईवर गेलाय. पण हे मी त्याला तोंडावर सांगत नाही, माजेल.

माझं मात्र पक्कं ठरलं. रोपं जळाली तर जळाली. लग्न होऊन आले तेव्हापासून एक मोठा शुक्रवार मी चुकवलेला नाही. वदीअच्या वेळी पोटुशी होते तेव्हासुद्धा नाही.

शुक्रवारी पहाटे जाऊन खांबाजवळची माझी जागा धरली. चर्चला काळे पडदे लावलेले. पलीकडे पहिल्या रांगेत इंसाफ, पुतळ्यासारखी ताठ. त्या दिवशी कुणाच्याच तोंडात पाण्याचा थेंब नाही. तो संध्याकाळी, आणि तोही आधी कडू शिरक्याचा, प्रभूला क्रुसावर आंब पाजली त्याची आठवण म्हणून. आमचं त्या दिवसाचं गाणं असं असतं की दगडाला पाझर फुटावा. माझ्या डोळ्यांतून टिपूस येईना. प्रभूला फटके मारल्याचं वाचत होते आणि मी खिडकीतून वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघत होते. कपाळ जमिनीला टेकलं की फरशीखालून पाट वाहतोय असं वाटायचं.

मनात म्हटलं, प्रभू, तू माझ्यासाठी जीव देतोयस आणि मी टोमॅटो मोजतेय. मला लाज वाटते. पण तूही पेरणाऱ्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्यास, त्यातल्या एकाला तरी पाणी द्यायला लावलंस का?

दुपार झाली. सूर्य काळवंडला ते वाचायची वेळ आली आणि रिवाजाप्रमाणे सगळे दिवे विझवले. काळ्या पडद्यांच्या आत गच्च अंधार झाला. सगळे खाली मान घालून उभे.

मी सरकले. देवाशप्पथ सांगते, ठरवलं नव्हतं. पाय निघाले आणि मी त्यांच्या मागे गेले. बायकांच्या दारापाशी चपला चाचपल्या, माझ्या सापडेनात. हाताला लागल्या त्या घातल्या, पायाला मोठ्या होत्या, आणि फटक फटक करत खजुरांच्या रांगेतून शेताकडे पळत सुटले. या वयात.

पाटाला पाणी आलेलं होतं. आणि वरच्या वाफ्यात कुणीतरी काळ्या कपड्यातलं वाकून खोरं मारत होतं, झगा कमरेला खोचून. पाणीचोर! मी दगड उचलला. मग बांधावर चपलांचा जोड दिसला. डाव्या पट्ट्याला निळा दोरा बांधलेला. तो दोरा मी बांधलेला आहे.

दोन वर्षांनी जावेशी बोललेलं माझं पहिलं वाक्य असं: "त्या चपला माझ्या आहेत."

इंसाफ ताठ झाली. चेहऱ्यावर चिखल. "अंधारात दिसलं नाही."

"अंधारात बाहेरचं दार बरं दिसलं!"

"तुला दिसलं तसंच. आणि तो दगड कुणासाठी?"

मी दगड टाकला.  

"सकाळपासून मी तुझ्याकडे बघून बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, ही खांबाला चिकटलीये, हिला रोपांचं काही वाटत नाही, मग मीच का उठू? तू उठली असतीस ना, तर मी केव्हाच आले असते."

 मीही तेच करत होते. इतक्या वेळा कपाळ टेकलं होतं, त्यातलं किती देवापुढे आणि किती इंसाफपुढे, देवच जाणे.

"तफीदा! पाट!"

उंदरांनी पोखरलेला काठ खचला आणि आमचं पाणी भसाभस रस्त्यावर निघालं. इंसाफ धावली आणि सरळ त्या भगदाडात बसली. बसलीच!

"बघतेस काय? मी काही इतकी रुंद नाही!"

"आहेस," मी म्हटलं, "पण थोडी कमी पडतेस." आणि अंगावरची काळी शाल, चर्चची, चिखलात बुडवून तिच्या दोन्ही बाजूंना कोंबली. वर माती, वर दगड, तोच मघाचा. पाणी थांबलं. पण बराच वेळ गेला होता. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

इंसाफ उठली, आपल्या वाफ्यांकडे बघितलं. निम्मे ओले, निम्मे कोरडे. मग खोरं उचललं, आपल्या वाफ्याचं तोंड बुजवलं आणि पाणी खाली माझ्याकडे सोडलं.

"अगं, तुझ्या काकड्या..."

"काकड्यांनी मूळ धरलंय. तुझी अजून तान्ही आहेत. बडबडू नकोस, वाफ्यांची दारं धर."

मी दारं धरली. एक वाफा भरेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा करायला काही नसतं. मागे वळून बघते तर इंसाफ बांधावर गुडघे टेकून कपाळ मातीला लावत होती. "किर्यालेसोन. प्रभू, दया कर." चर्चमध्ये त्या दिवशी चारी दिशांना तोंड करून हे करायचं असतं. मग मीही टेकलं. एक वाफा भरला, उठायचं, दार फिरवायचं, पुन्हा टेकायचं. पूर्वेला ती, पश्चिमेला मी, कुठली दिशा कोणाची राहिली यावरून एकदा भांडलोसुद्धा.

घसा सुकून लाकूड झाला होता आणि पायावरून गार पाणी वाहत होतं. डोळ्यांत वाळू गेली म्हणून मी ओंजळभर तोंडावर मारलं. ओठ ओले झाले.

"थुंक!" इंसाफ ओरडली.

"गिळलं नाही!"

"जीभ दाखव."

नातवंडांची आजी मी, शेतात उभी राहून जावेला जीभ दाखवली. तिने नीट वाकून तपासली. "बरं," म्हणाली. मग चर्चच्या दिशेला बघत हळूच म्हणाली, "आता तिकडे 'मला तहान लागली आहे' ते वाचत असतील."

 ते वचन मी जन्मभर ऐकत आले होते, पण दरवेळी सावलीत. सकाळी न आलेलं पाणी तेव्हा माझ्या डोळ्यांना आलं. इंसाफने बघितलं, पण या वेळी तपासायला वाकली नाही.

बांग झाली. पाट उतरला. माझे शेवटचे वाफे कोरडेच राहिले. आम्ही दोघी तशाच पळत परत गेलो, चपला जिच्या तिच्या पायात. प्रभूला पुरायची प्रार्थना चालू होती, गुलाबाच्या पाकळ्यांचा वास सुटला होता, आणि आमच्या अंगाला पाटाचा. बायका सरकल्या. यंदा पहिल्यांदाच आम्हाला एकत्र उभं राहायला जागा मिळाली.

शेवटी आमचे पाद्री, अबूना सिदराक, शिरका वाटायला लागले. माझ्यापाशी आले, पायांकडे बघितलं.

"अबूना, मी मधूनच उठून गेले," मी म्हटलं. त्यांना कळायच्या आधी मीच सांगितलेलं बरं. "शेतात पाणी आलं होतं."

"आणि मन कुठे होतं, वदीअच्या आई?"

"इथे होते तेव्हा तिथे. तिथे गेले तेव्हा इथे."

त्यांनी दाढी चाळवली. मग माझ्या तोंडात शिरका ओतला आणि पुन्हा बाटली उचलली. "हा दुसरा घोट सकाळी भटकलेल्या मनासाठी." इंसाफला न विचारताच दोन दिले.

बाहेर आल्यावर तिने माझे खांदे धरले आणि गालाकडे वाकली. मी तिला ढकललं.

"शुद्धीवर आहेस का? यहूदाने चुंबन घेऊन प्रभूला धरून दिलं. ईस्टरपर्यंत कुणी कुणाचं चुंबन घेत नाही, आणि तू उपासाच्या गप्पा मारतेस!"

तिने जीभ चावली. "मग रविवारी."

"बघू. रोपं जगली तर."

काही जगली, काही गेली. तिच्या काकड्यांचंही तसंच. ईस्टरच्या प्रार्थनेत 'एकमेकांना शांतीचं चुंबन द्या' म्हटलं गेलं, तेव्हा ती आपली पहिली रांग सोडून, सगळ्यांच्या पायांवर पाय देत माझ्या खांबापाशी आली. मी गाल पुढे केला. दोन्ही केले.

सकाळी उपास सोडून वदीअ आणि मी न्याहारीला बसतोय तोच इंसाफ आत आली, दार न वाजवता, हातात झाकलेलं भांडं. समोर ठेवलं, झाकण काढलं. मसुराची आमटी. वर बोटभर तूप तरंगत होतं.

"घे," ती म्हणाली. "आता सांग, वास येतो का?"

मी नाक जवळ नेलं. वदीअ हसू दाबत होता. मी एक चमचा घेतला, सावकाश, तिला थांबायला लावून.

"मीठ बरं आहे," मी म्हटलं. "तूप कमी घातलंयस. ये, बस."