ओवाळणीची फळी

त्र्याऐंशी सालची भाऊबीज. टेकचंद मद्रासहून दिघोरीला थोरल्या बहिणीकडे आला, तेव्हा देवकाबाई खळ्यात धान उपणत होती. वाकून पाया पडताना भावाने डावा खांदा आखडता घेतला. ते तिने पाहिलं.

टेकचंद तिकडे शर्यतीच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि मालकाची मोटार शर्यतीत चालवायचाही. गेल्या साली वळणावर ती मोटार वाऱ्याने उचलल्यासारखी रस्ता सोडून भिरकावली गेली. तेव्हापासून देवकाबाई जात्यावर बसली की तिची ओवी वाऱ्याशीच भांडत असे.

जेवताना त्याने सांगितलं, यंदा नियम बदलला. आधी मोटारीच्या दोन्ही बाजूंना जमिनीला टेकेल अशी झालर असायची. त्या झालरीमुळे पोटाखालचा वारा सुसाट पळायचा आणि मोटारीला रस्त्याकडे ओढून धरायचा. पण एका बाजूची झालर झिजली की पकड एकाएकी सुटायची. खांदा त्यातच गेला. मोटारीले लुगडं नेसवत होते काय, असं म्हणून देवकाबाईचा नवरा पुंडलिकराव हसला. आता झालर बंद, पोट सपाट. उरली ती मोटारीच्या मागे वर बसवलेली आडवी फळी.

"मंग ते फळी काय करते?" देवकाबाईने विचारलं.

टेकचंदने तिला खळ्यात नेलं आणि रिकामं सूप वाऱ्यासमोर धरायला लावलं. आडवं होतं तोवर वारा वरून-खालून निघून गेला. त्याने पुढची कड खाली केली, तसे तिचे हात दाबले गेले. आणखी कलवलं, तर ती स्वतःच पाऊलभर मागे सरली.

"असंच होते, बाई. फळी कलवली तर वळणावर मोटार घट्ट बसते, पण सरळ रस्त्यावर वारा मांगं लोटते. मालक म्हणते, निजवून ठेव. जिंकलो तर पुढच्या सालीही मीच चालवीन."

सूप बराच वेळ तिच्या हातात राहिलं.

दिवेलागणीला तिने भावाला पाटावर बसवून ओवाळलं. त्याने खिशातून नोट काढली, तशी तिने ताट मागे घेतलं.

"पैसे नोको. मले फळी दे."

"कोणती फळी?"

तिने तळहात वाऱ्यापुढे धरावा तसा कलवला. "इतकी."

"मांगं राहीन न मी, बाई. लोक हासतीन."

"हासू दे. मांगं राह्य, पण घरी येजो."

निरांजनाची ज्योत वाऱ्याने निजली, पुन्हा उभी राहिली. मग टेकचंदने एका बोटाने बहिणीचा तळहात आणखी थोडा कलवला.

तिने ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी जात्यावर तिचं वाऱ्याशी भांडण नव्हतं:

वाऱ्या रे बापा वाऱ्या, नोको उचलू भावाले,
दाबून धर मोटार, येऊ दे माह्या गावाले.