तेवीसपैकी तेवीस

विश्रांतवाडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात भाग्यश्री अकरा वर्षं फिजिक्स शिकवत होती. दिवाळीआधीच्या बारावीच्या चाचणीला तेवीस मुलं एकतर आलीच नाहीत, नाहीतर सपशेल नापास झाली. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कॉलेज त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर उभं होतं आणि हे ते कोणाला विसरू देत नसत. केबिनमध्ये मोगऱ्याचा स्प्रे इतका मारलेला होता की तो वास तिच्या घशात जाऊन बसला.

"म्याडम, या तेवीस पोरांसाठी ऑनलाइन कायतरी बसवा. जानेवारीत तपासणी समिती येणार हाय."

समितीचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. मुलांसाठी काही करायला मिळतंय, एवढंच तिने ऐकलं.

सुट्टीत तिने तेवीसही जणांच्या घरी फोन लावले. चौदा जण सदाशिव पेठेतल्या एका क्लासला जात होते. त्यांच्या दृष्टीने कॉलेज म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरायची खिडकी होती. उरलेल्या नऊ जणांना मात्र खरंच मदत हवी होती. त्यांतली संस्कृती नावाची मुलगी काविळीने दीड महिना घरी होती आणि नंतर तिला वर्गात यायची लाज वाटू लागली होती.

"मॅडम, वर्तुळाकार गतीपासून माझं सुटलंय," ती म्हणाली. "विचारायला गेलं तर पोरं म्हणणार, हिला एवढंही येत नाही."

भाग्यश्रीने आराखडा केला तो या नऊ जणांचे आवाज कानात ठेवून. आठ मिनिटांचा व्हिडिओ, त्यात एकच कल्पना. खाली दहा प्रश्न. उत्तर चुकलं, तर ती चूक का होते ते सांगणारी दोन वाक्यं. हे सगळं कॉलेजच्या वेबसाइटवर, प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड; शिवाय शनिवारी प्रत्येकाशी दहा मिनिटं फोन. गच्चीत पाण्याने भरलेली बादली तिने उभी गरगर फिरवली आणि नवऱ्याने मोबाइलवर ते टिपलं. एकदा वेग कमी पडला आणि सगळं पाणी तिच्या डोक्यावर आलं. तो भाग तिने मुद्दाम ठेवला. "वेग पुरेसा नसला की काय होतं, दिसलं ना?" असं निथळत म्हणणारी ती त्यात दिसत होती.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग जानेवारीत एका दुपारी संस्कृतीचा फोन आला.

"मॅडम, माझा पासवर्ड चालत नाहीये. तीन दिवस झाले."

भाग्यश्रीने स्टाफरूममध्येच रिपोर्ट उघडला. संस्कृतीच्या नावापुढे त्याच सकाळची वेळ होती आणि दहापैकी नऊ गुण. तिने खालची नावं पाहिली. हजर तेवीसपैकी तेवीस. कधीच लॉगिन न केलेल्या चौदा जणांनाही आठ, नाहीतर नऊ.

ती तडक कॉम्प्युटर लॅबमध्ये गेली. हिंमतरावांचा पुतण्या रणजित तिथला प्रमुख होता. तो आणि दोन क्लार्क यादी समोर ठेवून एकेका मुलाच्या नावाने लॉगिन करत होते. पडद्यावर भाग्यश्री दुप्पट वेगाने, आवाज बंद करून, बादली फिरवत होती. रणजित समोसा खात होता आणि त्याच तेलकट बोटांनी उत्तरं टिचकवत होता.

"पासवर्ड कोणी बदलले?"

"मीच. पोरं मध्येच येऊन दोन-तीन मार्क घेतात, मॅडम. रिपोर्ट खराब होतो."

"मुलं अभ्यास करतात म्हणून रिपोर्ट खराब होतो?"

"समितीपुरतं हो. मग देतो परत."

"मग म्हणजे कधी? बोर्डाचा निकाल लागल्यावर?"

तो हसला. दातांत बटाटा दिसत होता. बाहेर येऊन भाग्यश्रीने संस्कृतीला फोन लावला.

"मॅडम, आईला कॉलेजचा मेसेज आलाय, मला नऊ मिळाले म्हणून," संस्कृती म्हणाली. "तिने शेजारी पेढे वाटलेत. आता मी तिला काय सांगू?"



चार दिवसांनी समिती आली. दोन सभासद, हॉलमध्ये जेवण, पानात जिलेबी. हिंमतरावांनी उपक्रमाचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, "म्याडम, दोन शब्द बोला."

"यातला एकही गुण मुलांनी मिळवलेला नाही," भाग्यश्री उभी राहून म्हणाली. "मुलांचे पासवर्ड काढून घेतलेत. लॅबमध्ये चला, आत्ता दाखवते."

ज्येष्ठ सभासदांनी पाकाची बोटं एकेक करून कागदाला पुसली.

"अहो मॅडम, तांत्रिक अडचणी कुठे नसतात? अध्यक्षसाहेब, तो मठ्ठा जरा इकडे सरकवता का?"

अहवालात 'अनुकरणीय' असा शेरा आला. उपक्रमप्रमुख म्हणून भाग्यश्रीने त्यावर सही करायची होती; तिने केली नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिला उपक्रमातून काढून अकरावीची प्रॅक्टिकल्स दिली. तिने आपले व्हिडिओ परत मागितले; कॉलेजने व्हिडिओ ठेवले आणि तिचं नाव तेवढं पुसलं.

तिने त्या नऊ जणांचा वेगळा ग्रुप केला आणि सगळं पुन्हा स्वतःच्या फोनवरून पाठवलं. दोघं फिरकलेच नाहीत. सात जण टिकले. संस्कृतीला पहिल्या खऱ्या चाचणीत चार मिळाले. तिने ते आईला सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडमचा फोन आला की टीव्ही बंद करत जाईन."

बोर्डात संस्कृतीला फिजिक्समध्ये सत्तरपैकी सत्तेचाळीस मिळाले. निकालाच्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. 'ऑनलाइन उपक्रमाचे घवघवीत यश' या ओळीखाली हिंमतरावांचा हात जोडलेला भलामोठा फोटो, आणि कोपऱ्यात टिकलीएवढी संस्कृती.

ती आईला घेऊन ऑफिसात गेली. "माझा फोटो काढा. मी तुमच्या उपक्रमात नव्हते. माझा पासवर्डच चालत नव्हता."

क्लार्कने अर्ज लिहून द्यायला सांगितलं. तिने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिला आणि पोच मागून घेतली. चौथ्या दिवशी फ्लेक्स उतरला. अर्जामुळे नव्हे, हिंमतरावांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला जागा हवी होती.