उर्मी डुबलचा दम

उर्मिला डुबलचा दम गेल्या मंगळवारपासून चालू होता. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्यात ती चढाईला गेली आणि नेमका त्याच मिनिटाला तिचा कॉलेज बदलण्याचा अर्ज विद्यापीठात पोचला. आता तिचं अंगण कोणतं, हेच पंचांना ठरवता येईना. त्यांनी शिट्टी खिशात घातली. तेव्हापासून ती जेवताना, एसटीत, वर्गात हजेरी देताना एकाच श्वासात "कबड्डी, कबड्डी" म्हणत होती, आणि प्राध्यापकही हजेरीला तेवढ्यावर भागवून घेत होते.

शुक्रवारी सकाळी विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाची बैठक भरली. खुडे सर तिला घेऊन आले. जोतिराम खुडे म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातले कबड्डीचे शिक्षक, आणि त्याआधी वीस वर्षं संघाचा डावा कोपरा सांभाळलेला माणूस. उर्मीला त्यांनी आठवीपासून घडवलं होतं. रोज सरावाला ते तिच्यासाठी घरून शेंगदाण्याचा लाडू आणायचे आणि वर "घरात उरला होता" असं धडधडीत खोटं सांगायचे.

सभागृहाच्या मधोमध फक्कीने मध्यरेषा आखली होती. पलीकडे शहरातल्या कॉलेजच्या सबनीस मॅडम होत्या. त्यांच्याकडे मॅट होती, होस्टेल होतं, दरमहा मानधन होतं. अलीकडे खुडे सर होते आणि त्यांच्या बुटांबरोबर आलेली थोडी माती. उर्मीने रेषा गाठली की ती मॅडमची होणार आणि तिचा दम संपणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण रेषा जागेवर राहीना. कुणी दुरुस्ती सुचवली की सभागृह दोन हात लांब व्हायचं.

"कॉलेज बदललं तर खेळाडूने एक वर्ष बाहेर बसावं," एक सदस्य म्हणाले.

"मानधनाला मर्यादा हवी," दुसरे म्हणाले. "नाहीतर पैसेवाली कॉलेजं सगळी पोरं उचलतील. तालुक्यातली मैदानं ओस पडतील."

"आणि लाडू?" तिसऱ्यांनी विचारलं. "तो मानधनात धरायचा का?"

लाडवावर पाऊण तास चर्चा झाली. तोवर सबनीस मॅडम इतक्या लांब गेल्या, की त्यांच्या साडीचा रंग तेवढा कळत होता. आवाज मात्र नीट येत होता.

"आम्ही तिला चांगलं सांभाळू, सर," त्या म्हणाल्या.

उर्मीचे ओठ पांढरे पडले होते. ते सरांनी पाहिलं. ते उठून उभे राहिले.

"साहेब, पोरीला जाऊ द्या," ते म्हणाले. "वरीसभर बसवली तर काय राहील तिच्या खेळात? पैसं मिळत्यात तर मिळू द्या, घाम तिचा हाय. आनि लाडू आमच्या मंडळींनी केल्यात. ते कशातबी धरू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सभागृह आखडू लागलं, सदस्य खुर्च्यांसकट जवळ सरकले, आणि रेषा उर्मीपासून एका ढांगेवर येऊन थांबली. सरांना आपल्या बोलण्याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. दोन्ही त्यांनी एकाच रुमालात उरकून घेतलं.

"ये गं," सबनीस मॅडम म्हणाल्या.

उर्मीने उजवा पाय रेषेकडे लांब केला. मागे राहिलेला डावा घोटा सरांच्या पुढ्यात आला. वीस वर्षं असा घोटा दिसला की त्यांच्या हातांनी दुसरं काही केलं नव्हतं, आजही केलं नाही. रुमाल पडला, सर फरशीवर आडवे झाले, आणि घोटा त्यांच्या दोन्ही पंजांत होता.

"चुकून झालं," सर खालून म्हणाले. "सोडतो."

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. बोटं काही ऐकेनात.

"उर्मे, तूच सोडव. शिकवलंय न्हवं तुला?"

शिकवलं होतं. तालुक्याच्या मैदानावर, याच पकडीवर, आणि ती युक्ती आजवर तिची एकदाही फसली नव्हती. मंडळाच्या अध्यक्षांनी शिट्टी ओठांपाशी नेली. उर्मीचा अंगठा रेषेपासून चार बोटं लांब होता. तिने वाकून सरांच्या विरळ केसांवरची फक्की हलकेच झटकली आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहिली. पाय तिने ओढला नाही.