चतुराबाईच्या हातातला झारा

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. झारा म्हटलं की तुम्हाला लगेच कढईतली भजी आठवतील आणि तोंडाला पाणीही सुटेल. पण मी त्यातला नाही. मी गुऱ्हाळावरचा झारा. माझं ताट परातीएवढं आहे आणि दांडा चांगला लांब, बांबूचा. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळू लागला की त्यावर हिरवट-काळा फेस धरतो. त्याला मळी म्हणतात. ती वरच्यावर काढून टाकण्यासाठीच माझा जन्म झाला.

वाटूर फाट्यावर याकूबभाईंचं पत्र्याचं दुकान होतं. त्यांनी जाड पत्रा कापला, ठोकून ठोकून खोलगट केला आणि मग त्यांची बायको जुबेदा हातोडी-खिळा घेऊन बसली. माझं एकेक भोक तिनं पाडलं. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? पण भोकांशिवाय झारा म्हणजे नुसतं झाकण. चतुराबाई मला न्यायला आली तेव्हा याकूबभाई म्हणाले, "देखो बाई, छेद बराबर बारीक रखे हैं. रस नीचे, मळी ऊपर. बस, इत्ताच काम है इसका."

चतुराबाईनं मला उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटून सगळी भोकं पारखली आणि मला खांद्यावर टाकलं. तिथून आमचं जमलं ते जमलंच.

वाटूरच्या पुढे ओढ्याकाठी त्यांचं गुऱ्हाळ होतं. चतुराबाईचा नवरा कचरू चुलाणात जाळ घाली. बोलण्याचा त्याला मोठा कंटाळा. चिपाडं पेटत्या तोंडात सारायची आणि गप्प बसायचं, एवढंच तो मन लावून करी. काहिलीवर मात्र चतुराबाईचं राज्य. आणि तिच्या शेजारी पाण्याची घागर घेऊन उभी असायची त्यांची एकुलती लेक, मीना.

ते पाणी साधं नव्हे. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत चिकटा सुटतो. तो उकळत्या रसात ओतला की रसातली सगळी घाण गोळा होऊन वर येते, आणि मग मी तिला उचलायचं. पण ओतायची वेळ साधावी लागते. लवकर ओतलं तर मळी नीट धरत नाही, उशीर झाला तर रस उसळून काहिलीबाहेर जातो. चतुराबाईची नजर फेसावर आणि मीनाची नजर आईच्या तोंडावर असे. फेस काठाला भिडायला आला की चतुराबाई ओरडे, "सोड गं, मीने!" आणि घागर कलंडलीच म्हणून समजा. त्या दोघींना तिसऱ्या माणसाची गरज नव्हती. मी होतोच.

आमचा गूळ पिवळाधमक निघायचा. येणारा-जाणारा वाकून बघायचा, बोटानं चाटायचा आणि चतुराबाईची तारीफ करायचा. ती म्हणायची, "माझं काय न्हाई, झाऱ्याची कमाल हाय." मित्रांनो, ते ऐकून माझा पत्रा नुसता तापायचा नाही, फुगायचासुद्धा.

त्या घराची एक रीत होती. हंगामातली पहिली काहील उतरली की पहिली भेली, म्हणजे हातानं वळलेला गुळाचा लहानसा गोळा, सासरी गेलेल्या लेकीसाठी बाजूला काढायची. मीना लहान असतानाच चतुराबाई तिला चिडवायची, "जा बाई लवकर सासरी. म्हंजे पैली भेली तुझी." मीना पाय आपटायची. "मी न्हाई जानार जा. हितंच बसून खाईन." दोघी हसायच्या आणि तेवढ्यात काहील वर यायची.

पुढे एका हंगामात ऊस पिळणाऱ्या चरख्याचं इंजिन बंद पडलं. ते दुरुस्त करायला भोकरदनकडचा एक मिस्त्री आला. अंगद त्याचं नाव. इंजिन सुरू झालं, तरी तो दर आठवड्याला कसला तरी आवाज ऐकायला येऊ लागला. आवाज इंजिनातून येत नव्हता, हे इंजिनाला कळत होतं आणि मलाही. चतुराबाईला कळलं नाही. तिनं आपल्या बहिणीच्या दिरासाठी मीनाचा शब्द देऊन टाकला होता.

एके दिवशी दुपारी काहील रंगात असताना मीना आणि अंगद गळ्यात हार घालून गुऱ्हाळावर आले. जालन्याला जाऊन त्यांनी रजिस्टर लग्न केलं होतं. ऊस आणणारे, गूळ न्यायला आलेले, सगळे थबकले. मीना पाया पडायला वाकली. मी चतुराबाईच्या हातात होतो, मळीनं भरलेला.

"पाया पडू नको," चतुराबाई म्हणाली. "घरातली मळी व्हती. आपसुक वर आली, निघून गेली. बरं झालं."

आणि तिनं मला झटकलं. गरम मळी मीनाच्या पायांपुढे सांडली. मीना मागे सरली, बापाकडे बघत उभी राहिली. कचरू जाळाकडेच बघत होता. ती गेली. जाताना रिकामी घागर तिनं नेहमीच्या जागी पालथी घालून ठेवली होती, ती मात्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हटत नाही.

त्या वर्षी पहिली भेली वळून झालेली होती. ती कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी गुऱ्हाळ पेटलं नाही. कचरूनं ऊस कारखान्याला लावला. मला गोठ्यात खुंटीला टांगलं. मग कुणी माझ्यानं वाळू चाळली, कुणी हौदावरचं शेवाळ काढलं. शेवाळ तर शेवाळ, मनाशी म्हटलं, वरची घाण काढणं आपलं कामच आहे. पण थंड पाण्यात मन रमत नाही हो. हौदात बुडवलं की मला काहिलीची वाफ आठवायची, आणि ती हाक आठवायची. मीनाची आठवण मला फार आली. चतुराबाईला येत होती की नाही, ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. अशी बरीच वर्षं गेली, माझ्यावर गंज चढला आणि दांड्याला चीर गेली.

यंदा कारखान्याची ऊसतोड टोळी वेळेवर आलीच नाही. उसाला तुरे फुटले. मग कचरूनं कुणाला न विचारता चुलाण उकरलं. चतुराबाईनं मला खुंटीवरून काढलं, राखेनं घासलं, दांड्याला तार गुंडाळली. तिचा हात पुन्हा लागला आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. घागर धरायला शेजारची दैवशाला आली. चतुराबाईनं तिला सगळं समजावून दिलं, आणि तिनंही मान डोलावली.

रस तापला. मळी धरली. फेस काठाला भिडू लागला, आणि चतुराबाई पूर्वीसारखी खच्चून ओरडली, "सोड गं, मीने!"

दैवशालेनं घागर कलंडली नाही. तिला वाटलं मीना आली. ती वळून रस्त्याकडे बघू लागली. ऊस आणणारेही वळले. जाळ सोडून कचरूसुद्धा उठून उभा राहिला. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तेवढ्यात काहील उसळली आणि अख्खा रस फसफसत चुलाणात गेला. धूर, वाफ आणि जळक्या साखरेचा वास! चतुराबाई मला हातात धरून तशीच उभी होती. तिनं कुणाला दोष दिला नाही. मला भिंतीला टेकवलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

कचरू भिंतीपलीकडच्या चिपाडाच्या गंजीमागे गेला. मी त्याच भिंतीला होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यानं फोन लावला. नंबर त्याला पाठ होता, म्हणजे हे पहिल्यांदा चाललं नव्हतं. गप्प माणसं अशी लबाड असतात बघा.

"मीने," तो म्हणाला, "आज काहील उतू गेली. तुझ्या मायनं तुला हाक मारली गं."

दुसऱ्या दिवशी मीना आली. भोकरदनहून जालना, जालन्याहून वाटूर, दोन एसट्या करून. सोबत तिची मुलगी तृप्ती होती, शाळेत शिकणारी, चौकस डोळ्यांची. काहील चुलाणावर होती. मीनानं दैवशालेच्या हातातून घागर घेतली आणि आपल्या जुन्या जागी उभी राहिली.

मळी वर येऊ लागली. चतुराबाईचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मीना आईच्या तोंडाकडे बघत होती. हाकेशिवाय ती ओतणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. फेस काठाला आला. घाल गं हाक, मी मनातल्या मनात ओरडलो, एवढी एक घाल.

"सोड," चतुराबाई कशीबशी म्हणाली. "सोड गं, मीने."

घागर कलंडली. मळी गोळा झाली आणि मी ती अलगद उचलली. इतकी सुंदर मळी मी जन्मात काढली नव्हती.

तृप्ती जवळ येऊन बघत होती. "आज्जी, याला इंग्रजीत स्कम म्हणतात," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय. आधी त्याचा अर्थ नुसता फेस होता. समुद्राकाठच्या एका थंड देशातून तो शब्द इंग्रजीत आला. मग उकळताना वर येते त्या घाणीला स्कम म्हणायला लागले. आणि हा झारा आहे ना, त्याचं नाव स्किमर. ते पण त्याच शब्दाच्या नात्यातलं."

मी चाट पडलो. ज्या मळीला जन्मभर उचलून खड्ड्यात टाकलं, तिचाच मी भाऊबंद!

"आता मात्र ती शिवी झालीय," तृप्ती पुढे म्हणाली. "नकोशा माणसांना तसं म्हणतात."

चतुराबाईचा हात थांबला. "तिकडंबी मानसाला म्हनत्यात?" ती हळूच म्हणाली. "मंग तिकडंबी माझ्यासारख्या बाया हायेत म्हनायच्या."

मग चुलाणाशी बसलेला कचरू नातीला म्हणाला, "तृप्ते, माझं नाव कचरू का ठिवलं म्हाईत हाय का? माझ्या आधीची दोन लेकरं गेल्ती. म्हनून मायनं मला उकिरड्यावर ठिवून उचललं अन् कचरू म्हनलं. मी जगावं म्हनून. नाव वाईट ठिवलं, पर हात न्हाई सोडला तिनं."

एवढं लांबलचक बोलून तो पुन्हा चिपाडं सारू लागला. चतुराबाईनं मला काहिलीच्या काठावर ठेवलं. "चुकलं गं माझं, मीने," ती म्हणाली. "लई चुकलं." आणि मग दोघी रडल्या. रडून झाल्यावर काहिलीकडे धावल्या, कारण गूळ कुणासाठी थांबत नाही.

काहील उतरली. चतुराबाईनं पोळणाऱ्या तळव्यांवर फुंकर घालत पहिली भेली वळली आणि मीनाच्या पदरात टाकली. मग घरात जाऊन फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. आत एक काळीठिक्कर, दगडासारखी भेली होती. "ही त्या वर्साची," ती म्हणाली. "द्यायची राह्यली व्हती."

मीनानं कोपरा दातानं तोडला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"गोडच हाय अजून, माय," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी भोकं आता झिजून मोठी झाली आहेत. फार हंगाम मी बघीन असं नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर काम झाल्यावर धुऊन, पुसून, कोरडं टांगत जा. आणि कुणाला हाक मारायची राहिली असेल, तर मारून टाका. काहील उतू जायची वाट बघू नका.