काजळचं जेवण

पाचगणीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या पारशी बाई नोकरी सोडून मुंबईला भावाकडे निघाल्या होत्या. त्यांच्या अल्सेशियन कुत्रीची बाकी सगळी पिल्लं विकली गेली, एक मागे राहिलं. शाळेच्या टाकीच्या मोजणीसाठी गेलेल्या हरीला त्यांनी ते पिल्लू दिलं आणि हरीनं ते कापडी पिशवीत घालून एसटीनं वाईला आणलं.

हरी पाटबंधारे खात्यात होता. कालव्याच्या मोजणीसाठी आठवडाभर बाहेर असायचा, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. वाईच्या टोकाला, जिथून उसाची शेतं सुरू होतात, तिथे त्याचं भाड्याचं घर होतं. घरात त्याची आई, जिला सगळे माई म्हणत, आणि बायको शरयू. लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. उन्हाळ्यात दोन घरं सोडून चोरी झाली होती, म्हणून हरीनं कुत्र्याचा विचार केला.

पिल्लू काळ्याभोर तोंडाचं होतं. बोटानं काजळ फासल्यासारखं. शरयूनं नाव ठेवलं काजळ.

माईंनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं दूधभात कालवला. नंतर ते त्यांचंच काम झालं. मऊ भात, वर साय, कधी गुळाचा खडा. काजळ वाटी चाटून पुसून टाकायची आणि पोट टम्म करून माईंच्या पाटाशेजारी झोपायची.

"बघ कशी बाळसं धरतेय," माई म्हणायच्या.

आषाढात शरयूच्या लक्षात आलं की बाळसं फक्त पोटाला आहे. पुढचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते. पंजे पसरट झाले होते. ओट्याची एक पायरी उतरताना काजळ थांबायची, कुंईकुंई करायची आणि मग घसरत खाली यायची. आधी वाटलं, लचक भरली असेल. पण लचक दोन्ही पायांत कशी भरेल?

तिनं काजळला शालीत गुंडाळलं आणि भर पावसात गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, बरगड्यांवरून बोट फिरवलं. "काय खायला घालता?"

"दूधभात. कधी तूप-पोळी."

"आणि?"

"आणि काही नाही. आमच्याकडे दुसरं काही..."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "हिला मुडदूस झालाय. ही मोठ्या हाडाची जात, हिची वाढ झपाट्यानं होते. भातानं पोट भरतं, हाड भरत नाही. अंडं सुरू करा, उकडून. हळूहळू खिमा, बिनमिठाचा, बिनतिखटाचा. चघळायला बोकडाचं सांध्याचं मोठं हाड, तेही कच्चं. शिजवलेलं देऊ नका, त्याच्या काड्या होतात, आतडं फाटतं. मी जंताचं औषध आणि शार्कचं तेल देतो. आणि ऊन निघालं की उन्हात ठेवा."

शरयूनं काजळभोवती शाल पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "अंड्याशिवाय नाही का जमणार? नाचणी, डाळ, शेवग्याचा पाला, असं काही?"

"तेही घाला, चांगलंच आहे. पण एवढ्यावर भागवायला आता वेळ नाही. हाडं अशीच घट्ट झाली तर मग मी काही करू शकणार नाही. आणि लाडानं गोडधोड घालून वजन वाढवू नका. सगळा भार याच पायांवर येतो."

परतताना पाऊस थांबला होता. शरयूनं आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. माहेरीही नाही, सासरीही नाही. पण शालीतून बाहेर आलेला तो वाकडा पाय तिच्या मनगटावर टेकला होता, आणि घर येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं. माईंनी माळ थांबवली नाही, फक्त मान हलवली.

"या घरात अंडं यायचं नाही."

"घरात नाही आणणार. मागच्या पत्र्याखाली वेगळी चूल मांडते. भांडं वेगळं."

"आणि तोच हात माझ्या आमटीला?"

"आंघोळ करीन. मगच स्वयंपाकघरात येईन."

"आंघोळीनं सगळं जातं होय?" माई उठल्या. "घाल तुला काय घालायचं ते. माझं मी रांधून घेईन."

शरयूला हे अपेक्षित नव्हतं. माईंचं मनगट संधिवातानं धरलं होतं, भाताचं पातेलं उतरवताना त्यांचा हात थरथरायचा. तिनं काजळला शालीसकट खाली ठेवलं. मग मागच्या दारानं बाहेर पडली आणि कुंपणापलीकडे विजयमालेच्या अंगणात गेली.

विजयमालेचा नवरा फौजेत होता. तिच्या सासऱ्यांची उसाची जमीन शरयूच्या घराला लागून होती आणि अंगणात कोंबड्या होत्या.

"विजयमाला, अंडं कसं उकडतात?"

विजयमाला सुपात जोंधळे पाखडत होती, थांबलीच. "तुमी? वैनी, तुमी अंडं उकडणार?"

"कुत्रीसाठी."

"आवं मग घाबरता कशाला? अंडं काय चावतंय व्हय? गार पाण्यात टाकायचं, पाणी खळाखळा उकळलं की वाईच थांबायचं, झालं." तिनं पदरात दोन अंडी बांधून आणली. शेणाचा डाग पुसून एक शरयूच्या हातावर टेकवलं. ते कोमट होतं. शरयूचा हात मागे आला, मग तिनं तो पुन्हा पुढे केला.

पत्र्याखाली तीन विटांची चूल पेटली. सोलताना शरयूला वास आला. तिनं तोंड वळवलं, एक श्वास घेतला आणि सोलत राहिली. काजळनं ते दोन घासांत संपवलं आणि तिचे हात चाटले, अगदी कोपरापर्यंत. शरयू तशीच न्हाणीघरात गेली.

त्या दिवसापासून घरात दोन ठिकाणी स्वयंपाक होऊ लागला. आत शरयूचा, आणि ओसरीच्या कोपऱ्यात शेगडीवर माईंचा. माई मूठभर भात शिजवत, वर मेतकूट घेत. शरयूनं एकदा न विचारता पातेलं उतरवायला हात पुढे केला, तर माईंनी पदरानं पातेलं अडवलं.

शनिवारी हरी आला. दोन चुली पाहून त्याच्या सगळं लक्षात आलं.

"हे आपल्या घरात जमणारं नाही शरयू," तो म्हणाला. "धरणाच्या कामावर एक कंत्राटदार आहे, त्याला कुत्रं हवंय. तिथे सगळं चालतं. तिचीही सोय होईल."

"त्याच्याकडे ती साखळीला असेल आणि कुणीतरी उरलंसुरलं टाकील. तिला रोज मोजकं, ठरलेलं खाणं लागतंय. कोण घालील तिथे?"

"आणि आईनं या वयात शेगडीवर रांधायचं?"

"मी त्यांना रांधायला सांगितलेलं नाही. मी रोज दोनदा आंघोळ करते. त्यांना वाढायला मी तयार आहे. पण काजळला मी देणार नाही. तुम्ही आणलीत, मी वाढवणार."

हरीनं बायकोला असं बोलताना पाहिलं नव्हतं. तो ओसरीवर जाऊन आईजवळ बसला. माई शेगडीतले निखारे सारत राहिल्या. रविवारभर तो दोघींमध्ये ये-जा करत राहिला, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून गेला.

खिमा आणि हाडं विजयमाला बाजारातून आणून द्यायची. पण श्रावण लागला आणि ती नागपंचमीला माहेरी शिराळ्याला निघाली. अंडी सासूबाई देतील म्हणाली, पण मटणाचं काय? "सासूबाई श्रावण पाळत्यात, त्या न्हाई जायच्या. थोडे दिस बंद ठिवा की वैनी."

शरयूनं काजळच्या पायांकडे पाहिलं. आता कुठे पायरी उतरताना ती थांबेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी झाकणाचा डबा पिशवीत घालून ती स्वतः खाटीक आळीला गेली. श्रावणातली आळी ओस होती, एकच दुकान उघडं होतं. हिरव्या नऊवारीतली ही माईंची सून दुकानदारानं ओळखली असावी, कारण तो एकदम उभा राहिला. तिनं काय हवंय ते सांगितलं: चरबी काढलेला पावशेर खिमा, आणि सांध्याचं हाड. नजर फळकुटाच्या कडेवर ठेवली. डबा घट्ट लावून ती भर रस्त्यानं परत आली. आडवाटेनं येणं शक्य होतं, पण मग रोज आडवाटेनंच यावं लागलं असतं.

गणपतीच्या देवळात शेजारच्या आळीतल्या एका बाईंनी तिला गाठलं. "काल खाटकाकडे दिसलीस म्हणे? श्रावणात?"

"हो. कुत्रीसाठी," शरयू म्हणाली. "उद्याही जाणार आहे."

बाई प्रदक्षिणेला वळल्या.

आणि मग, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना काजळचं पोट बिघडलं. सारखं पातळ होऊ लागलं. ती निपचित पडून राहिली, अंड्याकडे बघेना. शरयूनं भांडी तपासली, खिम्याचा वास घेतला, काही कळेना. तेवढ्यात तिला ओसरीच्या कोपऱ्यात, शेगडीमागे, काजळची जुनी वाटी दिसली. वाटीला शिरा चिकटलेला होता.

"माई, तुम्ही हिला शिरा घातलात?"

माई भिंतीकडे बघत होत्या. "थोडा. नंतर खीर. गेले काही दिवस घालत होते."

"डॉक्टरांनी गोड नको म्हटलंय. मी तुम्हाला सांगितलं होतं."

शरयूचा आवाज चढला होता. माई काही उलट बोलतील म्हणून ती थांबली. पण माईंचे डोळे भरून आले.

"मीच वाकडे केले ना गं तिचे पाय?" त्या म्हणाल्या. "रोज माझ्या हातानं भरवलं. साय घालून भरवलं. हरीला वाढवलं, त्याच्या बहिणीला वाढवलं त्याच भातावर. आणि तो डॉक्टर म्हणतो, त्यानंच झालं."

शरयूनं ती वाटी बाजूला सारली. इतके दिवस तिला वाटत होतं, भांडण अंड्याचं आहे. ती माईंशेजारी जमिनीवर बसली.

"तुम्ही भरवलंत म्हणून ती जगली, माई. आईपासून तोडलेलं एवढंसं पोर होतं. तेव्हा तिला दूधच हवं होतं. आता ती मोठी होतेय, तिला आणखी काही हवंय. एवढंच."

"मग माझं काहीच नको तिला?"

"हवंय. ताक हवंय, नाचणी शिजवून हवीय, घट्ट शिजवलेली डाळ हवीय. आणि ऊन. मला सकाळी बाजारात जावं लागतं, उन्हात कोण बसवणार?"

माईंनी डोळे पुसले. "गूळ अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

काजळला बरं वाटायला दोन दिवस ताकभातावर काढावे लागले. तेवढा भात डॉक्टरांनीच सांगितला, आणि तो माईंनी शिजवला.

त्यानंतर अंगणात रोज एक पोतं अंथरलेलं दिसू लागलं. श्रावणातलं ऊन कधी तुळशीपाशी, कधी कुंपणापाशी. माई पोतं ओढत ओढत उन्हामागे जात आणि काजळ त्यांच्यामागे. सर आली की दोघी पत्र्याखाली. नाचणी त्या इतकी बारीक दळून आणायला सांगत की गिरणीवाला वैतागला. अंड्याच्या चुलीकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. शरयूनंही आग्रह केला नाही.

भाद्रपदात एका सकाळी शरयू काजळला खाऊ घालून, आंघोळ करून, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आली, तर माई आत पाटावर बसलेल्या. ओसरीवरची शेगडी पेटली नव्हती.

"मनगट दुखतंय," माई म्हणाल्या. "वाढ."

तिनं वाढलं. माईंनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि दोनदा भात घेतला.

दसऱ्यानंतर शरयू काजळला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली, या वेळी चालवत. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले. डावा सरळ झाला होता. उजव्यात थोडा बाक राहिला होता, तो राहणारच म्हणाले, पण हाड आता घट्ट आणि चांगलं आहे. "मटण हळूहळू कमी करा, अंडं राहू द्या. आणि खाणं एकाच हातानं घाला, घरातल्या सगळ्यांनी नको."

"दोन हात आहेत," शरयू म्हणाली. "पण दोघींचं ठरलेलं आहे."

त्या शनिवारी हरी फाट्यावर एसटीतून उतरला. घराच्या दिशेनं, उसाच्या कडेकडेनं, काळ्या तोंडाची एक लांबलचक कुत्री धुरळा उडवत त्याच्याकडे येत होती. तिनं त्याच्या छातीवर पाय ठेवले, तसा तो धडपडून मागे सरला आणि त्याची मोजणीच्या नकाशांची नळी रस्त्यावर पडली.

घरी आल्यावर तो शर्टावरची माती झटकत म्हणाला, "हिला घालता तरी काय तुम्ही?"

"ते तुला काय करायचंय?" माई आतून म्हणाल्या. "हातपाय धू आधी."