मान वर करून कोण बघतंय?

मित्रांनो, मला डोळे दोन आहेत आणि आयुष्याचा निम्मा काळ मी ते झाकणाखाली मिटून काढला आहे. जुनी दुर्बीण मी. नवी होते तेव्हा लांबचं जवळ आणायचे. जुनी झाले तशी मीच सगळ्यांपासून लांब गेले. माझा सूर तुम्हाला जरा चिडका वाटेल. वाटू दे. जिचं कामच बघणं आहे, तिला डब्यात कोंडून ठेवल्यावर ती गोड गोड कशी बोलेल?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. भिंगं घासून घासून पाण्यासारखी केली, काळ्या नळ्यांत बसवली, मधे एक छोटं चाक दिलं. ते चाक फिरवलं की धूसर झाड एकदम पानापानांचं व्हायचं. दिल्लीत मी वकिलातीतल्या एका साहेबाबरोबर आले. ही मंडळी मायदेशी परतताना घरातलं सामान विकून टाकतात. चाणक्यपुरीतल्या अशाच एका विक्रीत सगळे फ्रिज आणि गालिचे चाचपत होते. कोपऱ्यात एक सडपातळ मराठी गृहस्थ मात्र मला डोळ्यांना लावून समोरच्या कडुलिंबावरचं घरटं बघत उभे राहिले, ते खाली ठेवेचनात. ते दिनकर. त्यांच्याबरोबर मी घरी गेले.

दिनकर एका सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढायचे. क्वार्टर्सचे नकाशे: तीच खोली, तीच खिडकी, तोच जिना, पुन्हा पुन्हा. रविवारी मात्र ते मला गळ्यात अडकवून निघायचे. हिवाळ्यात ओखल्याला यमुनेकाठी पक्षी बघायला, एरवी दिल्लीतल्या जुन्या घुमटांकडे. बाकीचे लोक घुमटाखाली उभे राहून शेंगदाणे खायचे आणि आम्ही दोघं वरच्या कोपऱ्यातली दगडी फुलं मोजायचो. काय दिवस होते.

एकदा त्यांनी क्वार्टर्सच्या गच्चीखाली पानांची एक बारीक पट्टी काढली. साधीच, सिमेंटची. वरच्या साहेबांनी तिच्यावर लाल पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "दिनकरजी, गर्दन उठाकर कौन देखता है?" घरी आल्यावर दिनकरांनी हा किस्सा हसत सांगितला. पण पुढे कितीतरी वर्षं ते तोच किस्सा सांगत राहिले, आणि दर वेळी हसणं थोडं कमी होत गेलं. मला ऐकू यायचं ना.

मग ते निवृत्त झाले. मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट झाला, मुलगा मानस नोएडाला ऑफिसात जाऊ लागला, सून रेवती आली, नात देविका झाली. आणि घरात मोबाईल आले. एका दिवाळीच्या साफसफाईत मानस म्हणाला, "बाबा, हे आता कोण वापरतं?" आणि मी पेटीसकट बाथरूमवरच्या माळ्यावर गेले. तुम्हाला माहीत आहे का, बाथरूमवरचा माळा म्हणजे काय? खाली गिझर. रोज सकाळी चार माणसांच्या अंघोळीची वाफ. शेजारी फुटकी बादली आणि कृत्रिम ख्रिसमस ट्री. मी तिथे वर्षानुवर्षं वाफेत शिजले. कोणी एकदाही उघडून ऊन दाखवलं नाही. इस्त्रीच्या कपड्यांना या घरात जास्त मान होता.

माझा विषय निघाला तो देविकामुळे. अकरावीत तिने इतिहास घेतला. युरोपच्या प्रबोधनकाळातल्या इमारती शिकताना तिने आजोबांना फोनवर स्पेनमधली छोटी गावं दाखवली, उबेदा, बाएसा आणि त्यांच्या आसपासची. ऑलिव्हच्या टेकड्यांमधली, मधाच्या रंगाच्या दगडाची. एका चॅपलच्या घुमटाशी दगडी मुलांची रांग होती, पण फोटोत ती मुंग्यांएवढी. दिनकर फोन नाकाला लावून बघत राहिले.

"देवू, एवढ्या उंचावर त्यांनी नीट कोरलं असेल का गं? की खालून दिसत नाही म्हणून उरकलं असेल?"

"आजोबा, झूम करते ना."

झूम केल्यावर मुंगीचा चौकोन झाला.

त्याच सुमारास डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की डाव्या डोळ्याचा पडदा गेलाच आहे, उजवाही त्याच वाटेवर आहे. जे बघायचं ते लवकर बघून घ्या. म्हणून दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या सहलीत चौघांनी नावं घातली. दिनकरांना स्पेनमधलं एकच काहीतरी बघायचं होतं, ती वरची रांग. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून मला माळ्यावरून काढलं आणि फडक्याने माझी पेटी पुसली. वरून. आतून? आत कोणी डोकावलंच नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण दुर्बिणीला तोंड कुठे असतं?

आणि मग स्पेन. मित्रांनो, मी स्पेन पाहिला नाही, ऐकला. रेवतीच्या पिशवीत, लोणच्याची बरणी आणि खाकऱ्यांचा पुडा यांच्यामधे बसून; बाकीचं पुढे देविकाच्या तोंडून कळलं. चौक आला की सहलप्रमुख जयेशचा आवाज यायचा, "चलो मंडळी, पाच मिनिटं फोटो." मग धावपळ, "जरा सरका ना", "माझं डोकं कापलं की", आणि पुन्हा बसचं दार. राजवाड्यांच्या भिंतींकडे सगळ्यांच्या पाठी, कारण चेहरे फोनकडे. दिनकर एकदा मला काढायला वाकले, तर मानस म्हणाला, "बाबा, ते ओझं कशाला? फोनला केवढा झूम आहे." ते पुन्हा सरळ झाले. "राहू दे. चॅपलमधेच काढीन," म्हणाले.

चॅपलच्या गावात आम्ही भर दुपारी पोचलो. जयेशने बसमधे विचारलं, "आधी जेवण की आधी चॅपल? हात वर करा." सहलीबरोबर आचारी होता, सकाळीच आमटी-भात करून डबे बांधले होते. सूर्यकांतकाका म्हणून एक गृहस्थ होते, पुढच्या सीटवरून सगळ्यांचे निर्णय घेणारे. ते म्हणाले, "अहो, दगड चारशे वर्षं तिथेच उभा आहे, तो पळणार आहे का? भात मात्र गार होईल." बस हसली. हात वर गेले. दिनकरांनी वर केला नाही, पण खाली ठेवलेला हात कोण मोजतं?

बागेत पंगत बसली. आमटी दुसऱ्यांदा आली, मग कोशिंबीर, मग ताक. मी पिशवीत बसून वाट्यांचे आवाज ऐकत होते आणि माझ्या पट्ट्याला नुसती कळ लागली होती. हात धुऊन मंडळी चॅपलपाशी पोचली, तर दार बंद. स्पेनमधे दुपारी सगळं मिटतं.

"हे काय बुवा," सूर्यकांतकाका म्हणाले, "भरदिवसा बंद?"

"काका, आपल्याकडेही दुपारी देवळं बंद असतात," देविका म्हणाली. "दिल्लीतल्या आपल्या देवळाचे विश्वस्त तुम्ही, तुम्हीच सांगता ना, चारनंतर या म्हणून? इथलाही देव जेवून पडला असेल."

"संध्याकाळी उघडतं," जयेश म्हणाला, "पण तोवर आपण पुढच्या गावी. आज तिथे श्रीखंड-पुरी आहे."

सगळे बसमधे चढले. मानस वडिलांच्या शेजारी बसून म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. मी नेटवरून चांगले फोटो काढतो. हॉटेलात टीव्हीवर मोठे करून बघू."

"हो. चालेल," दिनकर म्हणाले.

त्या 'चालेल'ने मला जेवढं लागलं, तेवढं माळ्यावरच्या सगळ्या वर्षांनी लागलं नव्हतं. लाल पेन्सिलीच्या वेळीही ते हेच म्हणाले असणार.

बस सुरू झाली आणि देविका उठून मधल्या वाटेत उभी राहिली. ही तीच मुलगी, जी दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर स्वतःचं नावही पुटपुटायची.

"जयेशदादा, बस थांबवा. आजोबा आणि मी इथेच थांबतोय."

"देवू, खाली बस," मानस दबक्या आवाजात म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

"बाबा, मघाशी आपण सगळे भातासाठी थांबलो ना? मग आता आम्ही दोघं दगडासाठी थांबतो. पुढचं गाव जवळ आहे, टॅक्सी मिळते. मी विचारून आलेय."

"कोणाला?"

"त्या आइसक्रीमवाल्या बाईंना. अर्ध्या खुणा, अर्धं इंग्लिश. यार बाबा, काय कठीण आहे त्यात?"

"आणि आमचं श्रीखंड?" सूर्यकांतकाका.

"काका, आमच्या वाटचं तुम्ही खा. बिल्कुल राग नाही."

बस हसली, पण या वेळी काकांना. रेवतीने मला पिशवीतून काढून लेकीच्या हातात दिलं आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. मानस कपाळावर आठी घेऊन खाली उतरला. एकट्यांना सोडणार कसा?

ऊन उतरल्यावर दार उघडलं. आत गारवा होता, कुजबुज होती. देविकाने माझी झाकणं काढली. किती वर्षांनी उजेड. दिनकरांनी मला डोळ्यांना लावलं, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग मला हळूच खाली घेतलं.

"देवू, धुकं आहे नुसतं," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "उजवाही गेला वाटतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. कारण डोळा त्यांचा नव्हता गेला. माझा गेला होता. त्या माळ्यावरच्या वाफेने माझ्या उजव्या भिंगात बुरशीची जाळी विणली होती आणि मला ते सांगता येत नव्हतं.

देविकाने मला घेतलं. आधी एका नळीतून बघितलं, मग दुसरीतून. "आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही. हिला झालंय. उजवीकडे जाळं धरलंय, डावी एकदम साफ आहे."

पण गंमत बघा. दिनकरांचा चांगला डोळा उजवा आणि माझी चांगली नळी डावी. त्यांनी मला सरकवून बघितलं, तर रिकामी नळी चष्म्याच्या दांडीवर आपटायला लागली, चित्र टिकेना. मानस म्हणाला, "राहू द्या ना बाबा, मी फोटो काढलाय." देविकाने ऐकलंच नाही. तिने मला खालचं वर केलं, सरळ उलटी. डावी नळी उजवीकडे आली.

"आता बघा."

"उलटं नाही दिसणार?"

"बघा तर."

उलटं नाही दिसलं. दुर्बीण अशी फिरवली तरी जग सरळच राहतं. दिनकरांनी चाक हळूच अर्धा फेरा फिरवलं. वर घुमटाच्या कडेला ती मुलांची रांग होती, हातांत फळांच्या माळा, पाय कठड्यावरून लोंबकळलेले.

"नखं आहेत गं," ते म्हणाले.

"काय?"

"पायांच्या बोटांना. त्या कोपऱ्यातल्या पोराच्या. एकेक नख काढलंय, देवू. करंगळीचंसुद्धा."

मानसने आपला फोन वर धरला, बोटांनी चित्र ताणलं. करड्या रंगाचे चौकोन दिसले. त्याने फोन खिशात टाकला. "बघू," म्हणाला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात गेले. तो बघत राहिला.

"बाबा, पण हे कोणाला दिसणार होतं?"

"मला," दिनकर म्हणाले.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखाने गप्प बसले असते. पण नाही. दिल्लीला परतल्यावर देविका मला एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथे कळलं की बुरशीने भिंगावरचा लेपच खाल्लाय, आता पुसूनही ती काच पूर्वीसारखी व्हायची नाही. कधीतरी बाहेर काढून ऊन-वारा दिला असता तर वाचली असती. एवढंच हवं होतं हो मला. थोडं ऊन, थोडं फडकं, आणि कोणाचे तरी डोळे. म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर कोणीतरी असेल. कॅमेरा असेल, वाजवायची पेटी असेल, शिवणयंत्र असेल. परदेशी जायच्या आदल्या दिवशी नका काढू त्यांना. आजच काढा. आणि नुसती पेटी पुसू नका.

आता मी बाल्कनीच्या दाराशी खुंटीवर असते. हिवाळ्यातल्या रविवारी देविका आजोबांना ओखल्याला नेते. त्यांचा उजवा डोळाही आता थकला आहे, म्हणून ते बाकावर बसतात आणि ती बघून सांगते.

"आजोबा, चक्रवाकाची जोडी आहे."

"पंखाच्या कडेला रंग कोणता?"

"थांबा, बघते. हिरवा. थोडासाच, दडलेला."

परवा शेजारी गळ्यात भारी दुर्बीण अडकवलेले एक काका उभे होते. ते हसून म्हणाले, "बेटा, उल्टी पकड़ी है."

"हां अंकल, मालूम है," देविका म्हणाली, आणि मान आणखी वर केली.