सान्तामाउरा महालातली डाळिंबं

निंफा लो व्हेर्देचा जन्म पालेर्मोतल्या कापोच्या बाजारात झाला, लग्न तिथंच झालं, आणि नवरा गेला तोही तिथूनच. पण सान्तामाउरा महालात तिनं शहात्तर वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. महाल घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज भाजी आणताना ती त्याच्या भिंतीच्या कडेनं जायची, उन्हाळ्यात त्याच्याच सावलीत पिशवी टेकवून दम खायची. पण आत जायचा प्रश्नच नव्हता. आत सरदार-उमराव राहायचे. ते गेले आणि दाराला कुलूप लागलं.

त्या वसंतात नगरपालिकेनं ठरवलं, की शहरातले बंद महाल आणि चर्चेस दोन दिवस लोकांना उघडून दाखवायची. रविवारची प्रार्थना संपल्यावर पाद्री कालोजेरोंनी म्हाताऱ्यांना थांबवून घेतलं.

"लोक जपानहून येतात आणि आपलं गाव बघून जातात," ते म्हणाले, "आणि आपण वर गेल्यावर देवानं विचारलं, पालेर्मोत काय काय बघितलं, तर सांगणार काय? वांग्यांच्या गाड्या?"

सगळे हसले. निंफानं मात्र सगळ्यांच्या आधी हात वर केला.

त्याचं कारण तिचा नवरा गास्पारे. तो गिलाव्याची नक्षी करणारा कारागीर होता. मोठ्या भूकंपानंतर शहरातल्या निम्म्या महालांना तडे गेले, तेव्हा त्याच्या टोळीला कितीतरी वर्षं काम पुरलं. संध्याकाळी तो घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन, आणि जेवताना सांगत बसायचा. आज देवदूताला नवं नाक बसवलं. आज ढगाचा तुटका कोपरा सांधला. सान्तामाउराच्या नृत्यदालनाचं छत म्हणजे त्याच्या बोलण्यातलं वैकुंठच. खिडकीच्या बाजूला एक वीणा वाजवणारा देवदूत आहे, त्याचा डावा पाय आख्खा माझ्या हातचा, असं तो सांगायचा. "एकदा नेईन तुला," म्हणायचा. न्यायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी निंफा काळा झगा घालून, मोत्यांचे डूल अडकवून चर्चपुढच्या चौकात पोचली, आणि तिथं तिला ओलिवा दिसली.

ओलिवा म्हणजे गास्पारेची थोरली बहीण. नणंद-भावजयीत दहा वर्षं विस्तव जात नव्हता. एकाच बाजारात दोघी मासळी घ्यायच्या, पण एक आली की दुसरी पलीकडच्या गाड्यावर सरकायची. भांडण झालं होतं गास्पारेच्या अंत्यविधीला. पालेर्मोच्या दफनभूमीत उंच भिंत असते, तिच्यात एकावर एक कोनाडे, आणि त्यांत शवपेट्या ठेवतात. निंफानं नवऱ्यासाठी सगळ्यात वरचा कोनाडा घेतला. ज्याचा जन्म देवदूतांच्या शेजारी गेला, त्यानं मेल्यावर खाली का राहावं, असा तिचा विचार. पण शिडी लागली, पेटी वर चढायला लागली, आणि ओलिवा सगळ्यांदेखत ओरडली, "त्याला तिथं वर ठेवू नकोस! आईजवळ ठेव, खाली, जमिनीत!"

"माझा नवरा आहे तो," निंफा म्हणाली.

"असेल तुझा नवरा! तू ओळखतेस कुठं त्याला?"

हे वाक्य निंफाच्या काळजात जे रुतलं, ते रुतलंच. तेव्हापासून बोलणं बंद.

आता पाद्रीबाबा दोघींच्या मधोमध उभे राहून आभाळाकडे बघत होते. दुसरी येणार हे त्यांनी दोघींनाही मुद्दाम सांगितलं नव्हतं, हे उघड होतं.

पहिल्यांदा त्यांना कुठल्याशा जुन्या धर्मसंघाचं प्रार्थनामंदिर दाखवलं. मग गल्लीबोळांतून वरात निघाली महालाकडे. माहिती सांगायला एर्सिलिया नावाची कॉलेजातली मुलगी होती, गोड बोलणारी, पण धावतच चालणारी. मासेवाली फिलिप्पा सारखी तिला मागून हाका मारायची, "अगं बाळे, आमचे गुडघे तुझ्यासारखे असते, तर आम्ही नाचायलाच नसतो का आलो?"

महालाचा जिना लाल दगडाचा होता, दोन्ही बाजूंनी वर जाणारा. निंफा कठड्याला हात न लावता चढली. नृत्यदालनाचं दार उघडलं आणि सगळ्यांच्याच तोंडून आवाज फुटला. भिंतभर आरसे, वर सोनेरी वेलबुट्टी, आणि त्याच्याही वर ते छत.

"एवढ्या आरशांत स्वतःला बघून बाईमाणसाला झोप कशी लागत असेल?" फिलिप्पा म्हणाली.

निंफानं मान वर केली आणि लगेच खाली घेतली. तिच्या मानेचा मणका झिजलेला. वर बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा भिंतीला टेकून बघितलं, एकदा खुर्चीच्या पाठीला धरून बघितलं. दिसला तो नुसता निळा-गुलाबी गोंधळ. तिकडे एर्सिलिया सांगत होती, रथात बसलेला देव कोण, छत कुणी रंगवलं, मेजवानीला कोणता राजा आला होता. भूकंप, तडे, दुरुस्ती, यांतलं काहीच तिच्या बोलण्यात आलं नाही. मंडळी पुढच्या दालनाकडे वळायला लागली.

निंफाला रडू यायला लागलं. इथवर येऊन हात हलवत परत जायचं?

तिनं पर्स खाली ठेवली. आधी गुडघा टेकला, मग हात, आणि काळ्या झग्यासकट ती नृत्यदालनाच्या चकचकीत फरशीवर सरळ आडवी झाली.

"बाई! बाई पडल्या!" कोपऱ्यातला रखवालदार धावत आला.

"पडले नाही. बघतेय," निंफा खालून म्हणाली.

"अहो, पण इथं झोपायला परवानगी नाही. उठा बघू."

"उठवलंस तर बघ," मागून आवाज आला. ओलिवा हातातली काठी आपटत आली. "तिच्या मानेला त्रास आहे. छत बघायला बोलावता आणि म्हाताऱ्यांना मान कुठून आणायची ते सांगत नाही. जा, तिकडे उभा राहा. ती काय आरसे खिशात घालून नेणार आहे?"

रखवालदारानं पाद्रीबाबांकडे बघितलं. पाद्रीबाबांना तेवढ्यात एका आरशाच्या चौकटीत फार रस वाटायला लागला होता. ते मंडळींना घेऊन पुढच्या दालनात गेले. रखवालदारही कुरकुरत दारापाशी जाऊन उभा राहिला.

ओलिवा तिथंच एका खुर्चीवर बसली. खुर्चीवर बसू नये अशी पाटी होती, ती तिनं उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

निंफाला आता छत स्वच्छ दिसत होतं. ढग, रथ, उडते पडदे. नजर सरकत सरकत खिडकीकडे गेली. होता! वीणा होती, गुबगुबीत गाल होते, आणि ढगाबाहेर लोंबणारा डावा पायही होता.

"तो बघ," ती म्हणाली. दहा वर्षांचं भांडण तिच्या लक्षातच राहिलं नाही. "तो पाय त्याच्या हातचा. अंगठा कसा वर उचललाय! बघतेस ना?"

ओलिवा काठीच्या मुठीकडे बघत राहिली.

"एवढ्या उंचीवर, परांची बांधून... देवा रे! खाली बघितलं तरी गरगरलं असेल."

"निंफा, ऊठ आता."

"थांब जरा. पुन्हा कधी येणार आहे मी?"

"ऊठ म्हणते ना. तू बघतेस ते त्याचं नाही." ओलिवाचा आवाज एकदम खाली आला. "तो पाय नुंझिओनं केला. त्याच्या टोळीतल्या लंगड्या नुंझिओनं. गास्पारे वर गेलाच नाही कधी."

निंफानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. आडव्या माणसाला दुसऱ्याच्या हनुवटीशिवाय फारसं काही दिसत नाही. ओलिवाची हनुवटी काठीच्या मुठीवर टेकलेली होती.

"लहानपणी तो गच्चीच्या कठड्यावर अडकला होता. वडिलांनी उतरवला तेव्हा चड्डी ओली झालेली. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशीसुद्धा उभा राहायचा नाही. इथं पहिल्या दिवशी परांचीवर चढवला, तर वर जाऊन खांबाला मिठी मारून बसला. चौघांनी उतरवला. मुकादम भला माणूस. म्हणाला, तू खालचं कर."

"मग मला रोज सांगायचा ते?"

"ते दुपारच्या जेवणाला नुंझिओ सांगायचा. हा तेच ऐकून घरी आणायचा."

"खोटं! तू आधीपासून जळतेस माझ्यावर."

"तुझी धाकटी झाली तेव्हा महिनाभर त्याचा डबा कोण आणायचं इथं? मी. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आईच्या गळ्याची शपथ घातली होती त्यानं मला, निंफाला सांगायचं नाही म्हणून. तुझे वडील म्हणाले होते ना, पोरगा जमिनीवरच राहणार, कधी वर चढणार नाही म्हणून? ते लागलं होतं त्याला. लग्नाच्या आधीच थाप मारली, मी वरचीच कामं करतो म्हणून, आणि मग परत घ्यायची सोयच राहिली नाही."

निंफाला कुठून कुठून एकेक गोष्ट आठवायला लागली. सगळ्यात आधी विजारी. गास्पारेच्या प्रत्येक विजारीला गुडघ्यावर ठिगळं लावून लावून तिची बोटं सुजायची. 'फळ्यांवर गुडघे टेकावे लागतात,' म्हणायचा. आणि घरात दिवा बदलायचा तर स्टुलावर ती चढायची, तो खालून स्टूल धरायचा. स्टूल मोडकं आहे, म्हणायचा.

"हात दे," ती म्हणाली.

एक काठीवाली आणि एक मणक्यानं गेलेली. दोघींनी मिळून एकमेकींना उभं केलं, तेव्हा रखवालदाराचा जीव भांड्यात पडला. ओलिवा तिला दाराशेजारी घेऊन गेली. तिथं भिंतीच्या पायथ्याला गिलाव्याची नक्षीपट्टी होती, जेमतेम ढोपरभर उंच. पानं, देठ, आणि मधून मधून उकललेली डाळिंबं. सगळी मंडळी वर बघत तिच्याशेजारूनच आत आली होती.

"इथं बसायचा. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन," ओलिवा म्हणाली. "ही अख्खी भिंत त्याची."

निंफा पुन्हा खाली बसली. एका डाळिंबावर तिनं तळवा ठेवला. आतला एकेक दाणा सुटा केलेला होता, कुठं टपोरा, कुठं दबलेला. कुणी वाकून बघणार नाही अशा जागी, झाडूचे फटके खाणाऱ्या जागी, त्यानं दाण्यांची अशी निगा राखली होती. ती बोटानं दाणे चाचपत राहिली. वरच्या देवदूताला तिचा हात कधीच पुरला नसता.

"बाई, हात लावू नका," रखवालदार म्हणाला, पण हळूच म्हणाला, आणि पाठ फिरवली.

मग एकदम निंफा ताठ झाली.

"ओलिवा! मी संत जोसेफला नवस बोलले होते! परांचीवरून पडू देऊ नकोस, मी गोड खाणार नाही म्हणून. सगळी वर्षं, ओलिवा! पोरांच्या वाढदिवसाला माझ्यासमोर तुम्ही कान्नोली चापायचात आणि मी पाणी प्यायचे. आणि हा इथं खाली बसलेला! पडून पडून किती पडणार होता, वीतभर?"

"मी सांगितलं होतं त्याला," ओलिवा म्हणाली. "म्हटलं, निदान तिला गोड तरी खाऊ दे. तर म्हणाला, मग कारण सांगावं लागेल."

"आणि वर तोही खायचा! माझ्या वाटचंसुद्धा!"

ओलिवाला हसू फुटलं. ते दाबायला तिनं तोंडावर हात घेतला, आणि ते बघून निंफालाही आवरेना. दोघी भिंतीला टेकून इतक्या हसल्या की एर्सिलिया परत बघायला आली. हसता हसता निंफाचे डोळे कधी वाहायला लागले, ते तिलाही कळलं नाही. ओलिवानं बाहीतला रुमाल काढून दिला.

महालाबाहेर पडल्यावर दोघी सगळ्यांच्या मागून चालल्या. मग निंफा म्हणाली, "म्हणून तू ओरडलीस तेव्हा. वर ठेवू नकोस म्हणून."

"शपथ होती ना. कारण कसं सांगणार?"

"आणि मी त्याला दहा वर्षं सगळ्यात वर नेऊन ठेवलाय. फुलं वाहायला मलासुद्धा शिडी लागते." ती चालता चालता थांबली. "मला म्हणालीस, तू ओळखतेस कुठं त्याला."

"ते चुकलंच माझं. रागात बोलले."

"बरोबर बोललीस."

"नाही, निंफा. मला त्याची भीती माहीत होती, एवढंच. बाकीचा तुलाच माहीत."

निंफानं ओलिवाची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला दोघींनी मिळून दफनभूमीच्या कचेरीत जायचं, आणि गास्पारेला खाली आईजवळ आणायचं काय ते विचारायचं, हे चौक येईपर्यंत ठरलं.

शेवटचं चर्च उतारावरचं होतं, आणि तिथं लोकांना छपरावर नेत होते. अरुंद जिना, मग उघडी गच्ची. ओलिवानं जिन्याचं दार बघितलं आणि पांढरी पडली.

"तुलाही?" निंफानं विचारलं.

"आमच्या घरातच आहे ते. तू जा. मी बसते."

निंफा थांबत थांबत, फिलिप्पाला पुढं ढकलत वर गेली. परत आली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल. ओलिवा मेणबत्त्यांजवळच्या बाकावर बसली होती. तिनं सरकून जागा केली.

"काय होतं वर?"

"वारा," निंफा धापा टाकत म्हणाली. "छपरं, छपरं आणि छपरं. आणि एक जण गच्चीवर बनियनवर बसून वांगी तळत होता. मला बघून त्यानं हात केला."

"चेहरा कसा होता?"

"बरा होता. जरा टकला."

"मग तू काय केलंस?"

"मीही केला हात," निंफा म्हणाली, आणि बाकावर टेकून तिनं बूट काढले.